पाँ-द-माँव्हेर कॅन्टनच्या सहा कम्यून होत्या, आजच्या नकाशावर तीनच का दिसतायत?

टपालवेडा

नमस्कार मंडळी, मला फ्रान्सची जुनी चित्र-पोस्टकार्डं गोळा करायचा नाद आहे, त्यातही मोठी शहरं नकोत, खेडी, पूल, घाट, बाजाराचा दिवस असली. गेल्या महिन्यात एक छोटा गठ्ठा हाती लागला, सगळी कार्डं दक्षिण फ्रान्समधल्या लोझेर डिपार्टमेंटची (आपल्या जिल्ह्यासारखं), साधारण १९०५ ते १९१२ मधली. आधीच्या मालकाने गठ्ठ्याला कागदाची पट्टी बांधून ठेवलीये आणि त्यावर सुंदर अक्षरात लिहिलंय, पाँ-द-माँव्हेर कॅन्टन, आणि खाली सहा कम्यूनची (कम्यून म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखं, आणि कॅन्टन म्हणजे अशा काही कम्यूनचा गट) नावं: पाँ-द-माँव्हेर, फ्रेसिने-द-लोझेर, सँ-मोरीस-द-व्हाँतालाँ, सँ-फ्रेझाल-द-व्हाँतालाँ, सँ-आँदेओल-द-क्लेर्गमोर आणि व्हियालास.

आता अल्बममध्ये लावताना प्रत्येक कार्डाखाली तेव्हाचं ठिकाण आणि आजचं ठिकाण असं दोन्ही लिहायची माझी पद्धत आहे, म्हणून नकाशा उघडला तर सगळा गोंधळ. त्या नावाचा कॅन्टनच सापडत नाही. व्हियालास आहे जसंच्या तसं, पण बाकी पाचांच्या जागी दोनच कम्यून दिसतात, एक 'पाँ द माँव्हेर – स्युद माँ लोझेर' असं लांबलचक नाव आणि दुसरी 'व्हाँतालाँ आँ सेव्हेन'. मी आपलं गृहीत धरलं की नावात व्हाँतालाँ असलेली दोन्ही गावं या दुसऱ्या कम्यूनमध्ये गेली असणार, पण नीट बघितलं तर सँ-मोरीस तिथे नाहीच, ते पहिल्या कम्यूनमध्ये आहे. असं का केलं असेल?

आणि अजून एक गोष्ट. एका कार्डावर सँ-फ्रेझालचा एक मुलगा बहिणीला लिहितो की सैन्यभरतीच्या तपासणीसाठी मंगळवारी पाँ-द-माँव्हेरला जायचंय, पहाटेच निघावं लागेल. नकाशात बघितलं तर मध्ये अख्खा डोंगर आडवा आहे, आणि खालच्या दरीत ल कोले-द-देझ त्या मानाने सोयीचं दिसतं. मग त्याला डोंगर ओलांडून तिकडे का जायला लावलं? कुणाला या भागाची माहिती असेल तर प्लीज सविस्तर सांगा, मला नुसतं नाव लिहून मोकळं व्हायचं नाहीये.

नकाशेवाला

कॅन्टन सापडणार नाही कारण तो २०१५ साली मोडला. त्या वर्षी संपूर्ण फ्रान्समध्ये कॅन्टनची फेररचना झाली, ४०३५ होते त्यांचे २०५४ केले. लोझेरमध्ये २५ होते ते १३ झाले. तुमचा पाँ-द-माँव्हेर, शेजारचा बार-दे-सेव्हेन आणि सँ-झेर्मँ-द-काल्बेर्त हे जुने कॅन्टन एकत्र करून त्यांचा एक मोठा कॅन्टन केला आणि त्याचं नाव ठेवलं ल कोले-द-देझ. म्हणजे तुमच्या कार्डातल्या मुलाला जे सोयीचं पडलं असतं तेच गाव शंभर वर्षांनी कॅन्टनचं मुख्य ठिकाण झालं. त्याच फेररचनेत लहान कम्यून पण एकमेकांत विलीन केल्या, म्हणून सहाच्या तीन.

दप्तरदार

नकाशेवाला यांचं पहिलं बरोबर आहे, शेवटचं वाक्य मात्र चूक आहे, आणि ही चूक खूप जण करतात म्हणून जरा लांबण लावतो.

कॅन्टनची फेररचना आणि कम्यूनचं विलीनीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कायदे वेगळे, ठरवणारे लोकही वेगळे. कॅन्टन वरून, म्हणजे पॅरिसहून बदलले. १७ मे २०१३ चा कायदा, मग २०१४ मध्ये एकेका डिपार्टमेंटसाठी हुकूम निघाले, आणि मार्च २०१५ च्या निवडणुकीपासून ते लागू झाले. त्यात एकाही कम्यूनला हात लावलेला नाही, फक्त कुठली कम्यून कुठल्या कॅन्टनमध्ये मत देणार एवढंच बदललं. कम्यूनचं विलीनीकरण मात्र खालून झालं, तिथल्या नगरपरिषदांनी स्वतः ठराव करून. त्याचा कायदा १६ डिसेंबर २०१० चा, पण सुरुवातीला फारसं कुणी पुढे येत नव्हतं. मार्च २०१५ मध्ये सरकारने जाहीर केलं की जे १ जानेवारी २०१६ च्या आत एकत्र येतील त्यांचं सरकारी अनुदान तीन वर्षं कापलं जाणार नाही, त्या काळात बाकी सगळ्यांचं अनुदान दरवर्षी कमी होत होतं, त्यामुळे एकदम रांग लागली आणि त्या एका तारखेला देशभरात ३०० हून जास्त नव्या कम्यून जन्माला आल्या. तुमच्या दोन्ही त्यातल्याच. पाँ-द-माँव्हेर, फ्रेसिने आणि सँ-मोरीस यांची एक, सँ-फ्रेझाल आणि सँ-आँदेओल यांची दुसरी. व्हियालास कुणातच गेलं नाही.

आता कॅन्टन म्हणजे काय, तर त्याला तालुका समजू नका, कारण कॅन्टनला स्वतःचं ऑफिस, बजेट, कर्मचारी असं कधीच नव्हतं (एक पाच वर्षांचा अपवाद आहे, तो खाली सांगतो). राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये डिपार्टमेंट आखली, त्यांच्या पोटात कॅन्टन आखले. लोकांच्या रोजच्या कामासाठी माणूस एका दिवसात जाऊन परत येऊ शकेल असं एक ठिकाण पाहिजे, त्या ठिकाणाला म्हणायचे शेफ-लिय. तिथे झ्युझ द पे बसायचा, म्हणजे शांतता-न्यायाधीश, बांध, पाणी, उधारी, मजुरी, अज्ञान मुलांचं पालकत्व असली कामं त्याच्याकडे. हे पद १७९० पासून १९५८ च्या सुधारणेपर्यंत टिकलं. नेपोलियनच्या काळात, १८०१ साली, कॅन्टनची संख्या बरीच कमी केली आणि जो साचा झाला तो ग्रामीण भागात थेट २०१५ पर्यंत जवळपास तसाच चालला. जेंडार्म म्हणजे खेड्यातले पोलीस, कर भरायची कचेरी, दस्त-नोंदणी हे सगळं बहुतेक ठिकाणी शेफ-लियमध्येच असायचं.

अपवाद सांगतो म्हटलं तो हा. १७९५ च्या संविधानाने ५००० पेक्षा कमी वस्तीच्या कम्यूनच्या स्वतंत्र नगरपरिषदाच काढून घेतल्या आणि पूर्ण कॅन्टनला मिळून एक नगरपालिका दिली, प्रत्येक कम्यूनमधून फक्त एक प्रतिनिधी. म्हणजे ही सहा गावं मिळून एक कारभार ही कल्पना २०१६ च्या कितीतरी आधी, थेट कायद्यानेच करून बघितलेली आहे. ती १८०० मध्ये रद्द झाली, पुन्हा प्रत्येक कम्यूनला आपापला महापौर मिळाला आणि पुढची दोनशे वर्षं लोकांनी तो सोडला नाही.

तुमच्या मुलाचं उत्तर पण यातच आहे. त्या तपासणीला म्हणायचे काँसेय द रेव्हिजियाँ. वीस वर्षांची मुलं कॅन्टनच्या शेफ-लियला बोलवायची, तिथे समितीसमोर कपडे काढून उंची, छाती, डोळे, पाय सगळं बघायचे आणि सैन्याला लायक आहे की नाही ते सांगायचे. १९०५ च्या आधी तर चिठ्ठ्या काढून कोण किती वर्षं जाणार ते ठरायचं, ती सोडत पण शेफ-लियलाच. आणि ल कोले-द-देझ तेव्हा वेगळ्या कॅन्टनमध्ये होतं, सँ-झेर्मँ-द-काल्बेर्तच्या. जवळ असून उपयोग नव्हता. सँ-फ्रेझालचा मुलगा डोंगर ओलांडूनच जाणार.

नकाशेवाला

दप्तरदार, मान्य, मी दोन्ही एकाच टोपलीत टाकलं. दुरुस्तीबद्दल आभार.

पायवाट

मी या भागातून चाललोय, दोन वेळा, त्यामुळे हा धागा बघून राहवलंच नाही. टपालवेडा, तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे सँ-मोरीस व्हाँतालाँमध्ये का नाही याचं, मला वाटतं पाण्यात आहे. कुठल्याही ठरावात असं लिहिलेलं मी वाचलेलं नाही, पायाने चालून आणि नकाशा बघून माझं मत झालंय, पण एकदा ते डोळ्यात बसलं की दुसरं काही दिसतच नाही.

नकाशावर तार्न नदी शोधा. ती माँ लोझेर नावाच्या ग्रॅनाइटच्या मोठ्या पहाडावर उगम पावते, त्याचं सगळ्यात उंच टोक फिनिएल १६९९ मीटर. तिथून ती सँ-मोरीसच्या हद्दीतून खाली येते, पाँ-द-माँव्हेरला पोचते, तिथे वरून आलेला रियुमाले ओढा तिला मिळतो, आणि पुढे फ्रेसिनेच्या पायथ्याने पश्चिमेला जाते. तिन्ही कम्यून एकाच नदीच्या एकाच खोऱ्यात. हे पाणी पुढे गारोन नदीत आणि शेवटी अटलांटिकला. आता पाँ-द-माँव्हेरहून व्हियालासच्या रस्त्याला लागा, सँ-मोरीसची हद्द संपते तिथे क्रवा द बेर्तेल नावाची खिंड आहे, १०८८ मीटर. ती ओलांडली की व्हियालासचं पाणी ल्युएश नदीत, तिथून सेझ, तिथून रोन आणि भूमध्य समुद्र. आणि दक्षिणेला व्हाँतालाँची डोंगररांग ओलांडली की सँ-फ्रेझाल आणि सँ-आँदेओलचं पाणी गार्दाँ नदीकडे, ते पण शेवटी भूमध्यलाच, पण वेगळ्या दरीने.

म्हणजे बघा, सहा कम्यूनचा एवढासा कॅन्टन आणि त्यात तीन खोरी, दोन समुद्र. २०१६ मध्ये जे तीन तुकडे झाले ते बरोबर त्या तीन खोऱ्यांचे आहेत, तार्नवाले तीन एकत्र, गार्दाँवाले दोन एकत्र, ल्युएशवालं व्हियालास एकटं. व्हाँतालाँ हे डोंगररांगेचं नाव आहे, तिच्या उत्तर उतारावर सँ-मोरीस आणि दक्षिण उतारावर सँ-फ्रेझाल, दोघांनी नावात तोच डोंगर घेतला पण तोंडं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. नाव सारखं म्हणून शेजारी असं धरून चाललात तर फसाल, मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं.

आणि फरक फक्त पाण्याचा नाहीये. वर माँ लोझेरवर सगळा ग्रॅनाइट, घरं जाड राखाडी दगडांची, मोठमोठे गोल धोंडे घराला टेकून बसल्यासारखे, झाडं कमी, वारा भयंकर. तिथे राय नावाचं धान्य पिकायचं आणि उन्हाळ्यात खालच्या सपाटीवरून मेंढ्यांचे कळप चढून यायचे, त्यांच्या रुंद वाटांना द्राय म्हणतात, शतकानुशतकं खुरांनी तुडवलेल्या त्या वाटा अजून दिसतात. रिज ओलांडून गार्दाँच्या बाजूला उतरलं की दगड बदलतो, पापुद्रे सुटणारा काळपट शिस्ट, उतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या आणि सगळीकडे चेस्टनटची झाडं. तिकडे चेस्टनटला भाकरीचं झाड म्हणायचे कारण हिवाळाभर तेच खायचं, सुकवून, दळून, सूपमध्ये. एकाच कॅन्टनमध्ये राहून वरच्याचं आणि खालच्याचं जेवण वेगळं, छप्पर वेगळं.

अजून एक, कम्यून म्हणजे एक गाव अशी कल्पना डोक्यातून काढा. इथे कम्यून म्हणजे पंधरा-वीस वाड्या विखुरलेल्या, कधी दोन घरं, कधी दहा. सँ-मोरीस बघायला म्हणून मी निघालो तर पाटी आली आणि चार घरं आणि संपलं, बाकी सगळं डोंगरभर पसरलेलं. पाँ-द-माँव्हेर तेवढं खरं गावासारखं गाव, नदीच्या दोन्ही काठांना घरं, मध्ये पूल आणि पुलाच्या टोकाला घड्याळाचा मनोरा. तुमच्या गठ्ठ्यात पुलाचं कार्ड असणारच, नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

पूल बघून पुढे जाऊ नका मात्र. २४ जुलै १७०२ च्या रात्री तिथे जे झालं त्याने सगळा सेव्हेन, म्हणजे हा डोंगराळ मुलूख, पेटला. प्रोटेस्टंटांना धर्म पाळायची मुभा देणारं जुनं नाँतचं फर्मान राजाने १६८५ मध्ये रद्द केलं होतं, पंथ बंद, चर्चं पाडली, पाद्री हद्दपार, आणि या डोंगरात तर बहुतेक सगळेच प्रोटेस्टंट. द्यु शेला नावाचा कॅथलिक धर्मगुरू पाँ-द-माँव्हेरच्या एका घरात पळून जाणाऱ्या लोकांना पकडून डांबून ठेवायचा. बुझेस डोंगरावर जमलेले साठेक लोक स्तोत्रं गात गावात शिरले, कैदी सोडवले, घर पेटवलं आणि द्यु शेलाला मारलं. त्यांचा पुढारी एस्प्री सेगिए पुढच्या काही दिवसांत पकडला गेला आणि १२ ऑगस्टला याच गावात त्याला जिवंत जाळलं. तिथून कामिझार म्हणवणाऱ्या प्रोटेस्टंटांचं बंड सुरू झालं. १७०३ च्या शरद ऋतूत राजाच्या सैन्याने ३१ पॅरिशमधल्या (एकेका चर्चच्या हद्दीतल्या) साडेचारशेहून जास्त वाड्या-वस्त्या ठरवून जाळल्या, लोकांना बंडखोरांना धान्य देता येऊ नये म्हणून. त्या जळालेल्या मुलखातच हा कॅन्टन येतो. मी पुलावर उभा राहिलो तेव्हा खाली तार्नमध्ये मुलं उड्या मारत होती, पाणी इतकं स्वच्छ, आणि मला सारखं तेच आठवत होतं.

टपालवेडा

पायवाट, तुम्ही म्हणालात तसं पुलाची दोन कार्डं आहेतच! एका कार्डावर मनोऱ्यातलं घड्याळ सव्वादहा दाखवतंय आणि पुलावर पांढऱ्या टोपीतल्या तीन बायका उभ्या आहेत. आता त्या पुलाकडे वेगळ्याच नजरेने बघतोय. खोऱ्यांचं मी लगेच पेन्सिलने नकाशावर काढून बघितलं, खरंच तीन तुकडे बरोबर तसेच पडतात, रात्री बारापर्यंत तेच करत बसलो होतो.

मग एक प्रश्न पडला. पाणी, दगड, खाणं सगळंच जर वेगळं होतं तर मुळात १७९० मध्ये या सहांना एका कॅन्टनमध्ये घातलं कशाला? आणि जे २२५ वर्षं चाललं ते २०१५ मध्ये मोडायची काय गरज पडली?

माळरान

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. हिशोब बघा. २०१५ च्या आधी प्रत्येक कॅन्टनमधून डिपार्टमेंटच्या सभागृहात एक सदस्य जायचा, कॅन्टन मोठा असो की छोटा. या सहा कम्यूनची मिळून लोकसंख्या दोन हजाराला पण पोचत नव्हती आणि त्यांना एक सदस्य, आणि डिपार्टमेंटचं मुख्य शहर माँदमधल्या लोकांना त्यांच्या संख्येच्या मानाने खूपच कमी. एका माणसाचं मत दुसऱ्याच्या कितीतरी पट वजनदार, हे कसं चालणार? नव्या कायद्याने सांगितलं की कॅन्टनची लोकसंख्या डिपार्टमेंटच्या सरासरीच्या २० टक्के वर-खाली एवढीच, अगदी खास भौगोलिक कारण असेल तरच सूट. लोझेर हे फ्रान्समधलं सगळ्यात कमी वस्तीचं डिपार्टमेंट, साधारण ७७ हजार लोक, भागिले १३, म्हणजे सहा हजाराच्या आसपास. पाँ-द-माँव्हेर त्यात बसणं शक्यच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून मी काढते. २०१५ पासून प्रत्येक कॅन्टनमधून एक बाई आणि एक पुरुष अशी जोडीच निवडून जाते, वेगवेगळं उभं राहताच येत नाही. त्याआधी देशभरच्या या सभागृहांमध्ये बायका १४ टक्क्यांच्या आसपास होत्या, एका रात्रीत सभागृहात निम्म्या बायका आल्या. सदस्यसंख्या फार वाढवायची नाही आणि जोड्या पाहिजेत, म्हणून कॅन्टन निम्मे केले, हे गणित आहे. जुना कॅन्टन गेला याचं वाईट वाटणं मी समजू शकते, पण त्या जुन्या कॅन्टनांनी दोन शतकं बहुतेक पुरुषच पाठवले हे पण त्याच पट्टीवर लिहायला पाहिजे.

पायवाट

माळरान, जोडीचं एकदम पटलं, त्याबद्दल वादच नाही. पण लोकसंख्येच्या हिशोबात डोंगर बसत नाही हो. नवा कॅन्टन माँ लोझेरच्या माथ्यापासून खाली पार सेव्हेनच्या दऱ्यांपर्यंत, तीन जुन्या कॅन्टनएवढा. कागदावर डोकी नियमात बसतात, पण त्या दोन सदस्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वळणावळणाच्या रस्त्याने किती वेळ लागतो ते तिथे गाडी चालवल्याशिवाय कळत नाही, आणि हिवाळ्यात माथ्यावरचा १५४१ मीटरचा फिनिएल घाट बर्फाने बंद होतो. त्या पहाडावर तर गावागावात एकेकटे घंटेचे मनोरे आहेत, हिमवादळात रस्ता चुकलेल्याला आवाजाने घराकडे आणायला तासन् तास घंटा वाजवायचे. अशा मुलखात अंतर किलोमीटरने आणि माणसं डोक्यांनी मोजून भागत नाही.

माळरान

पायवाट, अंतराचा त्रास खरा आहे, पण मग कमी डोक्यांना जास्त मत हा त्यावर उपाय नाही, दवाखाना आणि बस हा उपाय आहे. इथे आपलं एकमत होणार नाही, राहू दे :)

दप्तरदार

टपालवेडांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, १७९० मध्ये सहा का एकत्र घातली. मी तेव्हाच्या लोकांच्या डोक्यात शिरू शकत नाही, पण नकाशात एक गोष्ट स्पष्ट दिसते. पाँ-द-माँव्हेर हे नावाप्रमाणेच पूल आहे, आणि डोंगरात पूल जिथे असतो तिथे वाटा येऊन मिळतात, वाटा मिळतात तिथे बाजार बसतो. खिंडीतून व्हियालासची वाट, रिजवरून गार्दाँची वाट, माथ्यावरून उत्तरेची वाट, सगळ्या तिथे उतरतात. तेव्हाचा माणूस पायी किंवा खेचरावर, त्याला डोंगर ओलांडणं रोजचं, उलट अरुंद दरीच्या तळातून जाणं कठीण. पुढे दऱ्यांमधून चांगले रस्ते झाले, रेल्वे आली, गाड्या आल्या आणि माणसं उताराच्या दिशेने ओढली गेली. व्हियालासचा ओढा झेनोलाकच्या स्टेशनकडे आणि आलेसकडे, ते तर वेगळ्याच डिपार्टमेंटमध्ये, गारमध्ये. व्हियालासजवळ १९ व्या शतकात शिसं आणि चांदीची खाण जोरात चालायची, तिचा धातू कारखान्यात वितळवायचे, भट्ट्यांचे अवशेष अजून आहेत. पायी वाटांचा कॅन्टन आणि चाकांच्या रस्त्यांच्या कम्यून, असं मला दिसतं. पायवाट यांचं पाण्याचं म्हणणं आणि हे, दोन्ही एकत्र बसतं.

आता अल्बमसाठी कामाचं सांगतो, कारण माझं रोजचं वाचन जुन्या दप्तरांचं आहे. तुम्ही 'तेव्हाचं ठिकाण' लिहिताना कॅन्टन लिहाच, गाळू नका. कॅन्टन मोडला पण कागद त्याच्याच नावाने लावलेले आहेत. शांतता-न्यायाधीशाची दप्तरं, सैन्यभरतीच्या याद्या, जुन्या दस्त-नोंदणीची पुस्तकं, हे सगळं माँदच्या डिपार्टमेंट अभिलेखागारात जुन्या कॅन्टनप्रमाणेच शोधावं लागतं. जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी मात्र कम्यूनच्या, सप्टेंबर १७९२ पासून. त्याआधीच्या चर्चच्या. आणि या भागात एक जास्तीची अडचण, १६८५ नंतर प्रोटेस्टंटांचं लग्न कायद्याने लग्नच धरत नव्हते, ते रानात लपून लग्नं लावायचे आणि पाद्री स्वतःच्या वहीत नोंद ठेवायचे, १७८७ च्या फर्मानाने कुठे त्यांना कायदेशीर नोंद मिळाली. त्यामुळे तुमच्या सँ-फ्रेझालच्या मुलाचे पणजोबाच्याही आधीचे पूर्वज शोधायचे तर तीन वेगळ्या प्रकारच्या वह्या बघाव्या लागतील.

'आजचं ठिकाण' लिहिताना नवी कम्यून लिहा आणि पुढे जुन्या कम्यूनचं नाव 'कम्यून देलेगे' म्हणून लिहा. विलीन झाली तरी जुनी कम्यून त्या रूपाने राहू शकते, तिचा एक प्रतिनिधी-महापौर आणि छोटं ऑफिस असतं. सरकारी यादीत नव्या पाँ द माँव्हेरला जुन्याचाच ४८११६ हा नंबर दिलाय, पहिले दोन आकडे लोझेरचे. आणि आता कॅन्टनच्या मुख्य ठिकाणाला कायद्यात शेफ-लिय म्हणत नाहीत, 'ब्युरो साँत्रालिझातर' म्हणतात, म्हणजे मतं एकत्र मोजायचं ठिकाण. लोक बोलताना अजून शेफ-लियच म्हणतात. ल कोले-द-देझच्या पुढे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, मी असतो तर दोन्ही लिहिलं असतं.

नकाशेवाला

जाता जाता, फ्रेसिने आणि पाँ-द-माँव्हेर परिसरातली कार्डं असतील तर ग्रिझाकचा किल्ला आहे का बघा. पाँ-द-माँव्हेरच्या हद्दीत आहे, तार्नच्या दक्षिणेला. पोप अर्बन पाचवा, १३६२ ते १३७० मध्ये पोप होता तो, त्याचा जन्म तिथला. या वेळी खात्री करून लिहितोय. आणि हे सगळं आता सेव्हेन राष्ट्रीय उद्यानात येतं, १९७० मध्ये झालं, त्याच्या अगदी आतल्या संरक्षित भागात पण माणसं कायमची राहतात, मेंढ्या पाळतात.

पायवाट

ग्रिझाकचं भारी आठवण केलंत! आणि टपालवेडा, कधी जायचं झालं तर जीआर ७० ची पायवाट धरा, लाल-पांढऱ्या खुणा असतात. लेखक आर. एल. स्टीव्हन्सन १८७८ च्या शरद ऋतूत मोदेस्तीन नावाची गाढवीण घेऊन ज्या वाटेने गेला साधारण तीच वाट आहे. उत्तरेकडून ल ब्लेमारहून चढून फिनिएलच्या माथ्यावर या आणि मग उतरा. माथ्यावर सगळा उघडा गवताळ पहाड, आणि एका क्षणात समोर दक्षिणेला एकामागे एक निळ्या डोंगरांच्या रांगा उघडतात, मोजता येत नाहीत इतक्या. तिथून तुमच्या जुन्या कॅन्टनचा बराचसा भाग एका नजरेत येतो. उतरताना ओढ्याचा आवाज आधी येतो, मग छपरं, मग मनोरा. वरच्या भागात दगडांवर माल्टाचा क्रॉस कोरलेला दिसला तर थांबा, तिथली मोठी जमीन एकेकाळी सेंट जॉन पंथाच्या धर्मयोद्ध्या सरदारांची होती, त्यांच्या हद्दीच्या खुणा आहेत त्या. लोपितालची वाडी त्यांचीच.

टपालवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रिझाकचं कार्ड नाहीये, शोधात राहीन. काल रात्री अल्बमचं पहिलं पान लावलं. आधी सहा कार्डं नावाच्या अक्षरक्रमाने लावणार होतो, ते सोडलं. डाव्या पानावर तार्नची तीन, उजव्या पानावर वरती व्हियालास आणि खाली गार्दाँची दोन, आणि मधल्या शिवणीवर पेन्सिलने रिज काढली, क्रवा द बेर्तेल १०८८ मीटर असं लिहून. पट्टी जुन्या मालकाची आहे तशी वरती चिकटवली, तिच्याखाली 'कॅन्टन, २०१५ पर्यंत'.

सँ-फ्रेझालच्या मुलाचं कार्ड मात्र कुठल्याच बाजूला बसेना, लिहिलं गार्दाँच्या बाजूला आणि टपालाचा शिक्का पाँ-द-माँव्हेरचा. नीट भिंगातून बघितलं तर शिक्क्यावर तारीख पण मंगळवारचीच निघाली, म्हणजे घरी लिहून ठेवलं असणार आणि तपासणीला गेला तेव्हा खिशातून घेऊन जाऊन तिथे पेटीत टाकलं. बहिणीला ते कळेपर्यंत तो परत घरी पण पोचला असेल. ते कार्ड मी शिवणीवरच लावलंय, रिजच्या वर आडवं.